महिन्याची फी भरली, तरी पोहणे का येत नाही?

एप्रिल संपत आला की माझ्याकडे येणाऱ्या पालकांच्या बोलण्यात एक काळजी हमखास असते. उन्हाळी शिबिरात मुलाला पोहायला घातले, सोबतची मुले पलीकडच्या काठापर्यंत जाऊ लागली आणि आपले मूल मात्र अजून काठ सोडायला तयार नाही. मागच्या उन्हाळ्यात हीच काळजी घेऊन नागपूरच्या मनीषनगरातील एक आई आपल्या आठ वर्षांच्या मुलीसह आल्या. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) सोबत आजोबाही होते. काटोलकडच्या आपल्या गावी पाठीला सुके भोपळे बांधून ते विहिरीत पोहायला शिकले होते आणि त्यांचे मत ठाम होते : "पोरगं पाण्यात टाकलं का आपोआपच शिकते, मॅडम."

आईंचा प्रश्न वेगळा होता. "बारा दिवस झाले, ही नुसती थरथरत उभी राहते. हिच्या मनात कायमची भीती तर बसली नाही ना?"

मी मुलीला भीतीबद्दल काहीच विचारले नाही. तलावावर पोहोचल्यापासून निघेपर्यंत काय काय होते, एवढेच क्रमाने सांगायला सांगितले. पंचेचाळीस मिनिटांची बॅच, पंधरा मुले आणि एक सर, म्हणजे हिशेबाने प्रत्येकाच्या वाट्याला सरांची तीनच मिनिटे येत होती. उरलेला बहुतेक वेळ ती ओल्या अंगाने काठावर आपली पाळी येण्याची वाट पाहत असे. मेमधल्या नागपुरात कुणाला थंडी वाजेल हे मोठ्यांना पटत नाही. पण आपल्या कोरड्या हवेत कूलर ज्या तत्त्वावर चालतो, त्याच तत्त्वाने ओले अंग वाऱ्यावर गार पडते. शिवाय पाणी शरीरातील उष्णता हवेच्या जवळजवळ पंचवीसपट वेगाने ओढून घेते आणि सडपातळ मुलांना ते लवकर जाणवते. तिच्या थरथरण्यातला बराच भाग भीतीचा नव्हताच.

मग मी तिला विचारले, "डोके पाण्यात घालताना तू काय करतेस, ते मला दाखवशील?" तिने गाल फुगवले, ओठ घट्ट मिटले आणि डोळे आवळून घेतले. माझ्या अनुभवात पोहण्याची शिकवणी सर्वांत जास्त इथेच अडते. श्वास रोखला की रक्तातील कार्बन डायऑक्साइड वाढतो आणि जीव घुसमटल्यासारखा होतो. प्राणवायू संपलेला नसतानाही मेंदू धोक्याचा इशारा देतो. डोके वर आल्यावर त्या एका क्षणात आधी कोंडलेला श्वास सोडायचा आणि मग नवा घ्यायचा, ही दोन्ही कामे नवशिक्या मुलाला साधत नाहीत, नाकातोंडात पाणी जाते आणि दुसऱ्या दिवशी मूल काठ अधिकच घट्ट धरते. पाण्याखाली सावकाश श्वास सोडता येऊ लागला की पुढचे पुष्कळसे सोपे होते.

आणखी एक गोष्ट तिने अगदी हळू आवाजात सांगितली. चौथ्या दिवशी सरांनी पोटाखालचा हात न सांगता काढून घेतला होता. ऐकताच आईंचा चेहरा उतरला, कारण "हिला जरा धीट करा" असे त्यांनीच सरांना सांगितले होते. त्यांना दोष देणे मला योग्य वाटले नाही. इतक्या प्रेमाने रोज साडेपाचला उठून मुलीला घेऊन जाणाऱ्या आईचा हेतू स्पष्ट होता. आजोबांना मात्र मी एक जुना प्रयोग सांगितला. 1924 मध्ये मेरी कव्हर जोन्स या मानसशास्त्रज्ञ महिलेने सशाला घाबरणाऱ्या पीटर नावाच्या लहान मुलाची भीती घालवल्याचे लिहिले आहे. तो आवडीचे खात असताना ससा थोडा थोडा जवळ आणला गेला. एकदम मांडीवर ठेवला गेला नाही. आजोबा थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "भोपळे बी आम्ही एक एक करूनच सोडले होते."

ती गोष्ट मी लगेच उचलून धरली, कारण त्यांच्या विहिरीतले शिक्षणही टप्प्याटप्प्यानेच झाले होते. घरचा सराव आम्ही त्यांच्याकडे सोपवला. रोज पाच मिनिटे, रुंद टबात चेहरा बुडवून नाकाने "हूं" असा आवाज करत बुडबुडे काढायचे आणि सराव संपताच टब रिकामा करायचा. त्यांना तिच्याकडून तीस आकड्यांपर्यंत श्वास रोखून घ्यायचा होता, तो बेत मी तिथेच थांबवला. श्वास रोखण्याच्या पैजेत पाण्याखाली शुद्ध हरपू शकते, विशेषतः आधी जोरजोरात श्वास घेतले असतील तर. हा खेळ मुलांना कधीही शिकवू नये.

आईंनी बॅच संपल्यावर सरांना शांतपणे भेटून एवढेच मागितले की हात काढण्यापूर्वी तीन आकडे मोजावेत. सरांनी ते आनंदाने मान्य केले. पाळीची वाट पाहताना खांद्यावर टॉवेल आला, आणि परतताना स्कूटीवर रोज विचारला जाणारा "आज किती पोहलीस?" हा प्रश्न बंद झाला. त्याऐवजी त्या विचारू लागल्या, "आज पाण्यात काय काय केलंस?" माझ्या मते या बदलाचे मोल सर्वांत मोठे होते, कारण पहिल्या प्रश्नाला त्या मुलीकडे रोज "काहीच नाही" हे एकच उत्तर होते.

शिबिर संपले तेव्हा तिला तलावाची रुंदी पार करता येत नव्हती, हे मी स्पष्टपणे नोंदवते. भिंतीला पाय रेटून चेहरा पाण्यात ठेवून ती काही फूट सरकत होती, उताणी तरंगत होती आणि मुख्य म्हणजे तोल गेल्यावर स्वतः उभी राहत होती. महिन्याच्या फीचे चीज झाले, असे मी आईंना मनापासून सांगितले.

शेवटच्या भेटीत त्यांनी विचारले, "रामटेकला जाताना खिंडसीला बोटिंग करायचं आहे, आता हिला लाइफ जॅकेट नको ना?" मी म्हटले, "ताई, हवेच. तिलाही आणि तुम्हालाही." पोहण्याच्या तलावातल्या पाण्याचा तळ दिसतो, खोली ठाऊक असते आणि काठ हाताशी असतो, खिंडसीसारख्या जलाशयात यांतले काहीच नसते. पावसाळ्यानंतर पुन्हा बॅच मिळेपर्यंत टबातला सराव सुरू ठेवण्याचे आजोबांनी कबूल केले आणि मुलीने जाता जाता मला दारात उभे राहून नाकाने लांबलचक "हूं" करून दाखवले.