नाविकच्या (भारताच्या उपग्रह दिशादर्शन प्रणालीच्या) एल-५ सिग्नलवर माझा विटर्बी डीकोडर चालतोय, पण सीआरसी एकदाही जुळत नाही. असं का होत असेल?

तुम्ही लिहिलंय की सिंक वर्ड (सुरुवात ओळखायचा ठरावीक नमुना) दर ६०० सिम्बॉलला सापडतो, विटर्बी (चुका दुरुस्त करून मूळ बिट शोधणारा डीकोडर) २९२ बिट काढून देतो, आणि तरीही २४ बिटांचा सीआरसी (संदेश बरोबर आला का हे तपासणारे बिट) प्रत्येक सबफ्रेमला, म्हणजे संदेशाच्या ६०० सिम्बॉलच्या प्रत्येक तुकड्याला, फेल होतो. सगळ्यात आधी शेपूट बघा. शेवटचे सहा बिट शून्य असायला हवेत. ट्रेलिस (एन्कोडरच्या शक्य स्थितींचा नकाशा, ज्यावर विटर्बी मार्ग शोधतो) शेवटी शून्य स्थितीत यायला भाग पाडत असाल, तर तेवढ्यापुरती ती सक्ती काढा. तिथे सहाच्या सहा एक दिसले, तर तुमचा डीकोडर ठीक आहे. सिग्नल उलटा आहे.

कॉस्टास लूपला (रिसीव्हरमध्ये सिग्नलचा फेज धरून ठेवणाऱ्या भागाला) ० आणि १८० अंश यांतला फरक कळत नाही, म्हणून कधीकधी सगळेच सिम्बॉल उलटे येतात. विटर्बीला हे खटकायला हवं, असं आपल्याला वाटतं. मलाही वाटलं होतं. तीन संध्याकाळी मी ब्रँच मेट्रिक (आलेले सिम्बॉल मार्गाशी किती जुळतात याचं माप) तपासत बसलो आणि ती अगदी स्वच्छ होती. कारण कोडमध्येच आहे. एन्कोडर ज्यांवरून सिम्बॉल बनवतो त्या १७१ आणि १३३ या ऑक्टल बहुपदी बायनरीत मांडा: ११११००१ आणि १०११०११. दोन्हींत पाच-पाच एक, म्हणजे विषम. त्यामुळे आत जाणारे सगळे बिट उलटवले की बाहेर पडणारे सगळे सिम्बॉलही उलटतात. उलटा संदेशसुद्धा या कोडला वैधच वाटतो. मला हे फार सुंदर वाटतं.

निवाडा करतो तो सिंक वर्ड, कारण तो एन्कोड होत नाही. १११०१०१११००१००००, आणि उलटा ०००१०१०००११०११११. तुम्ही बहुधा कोरिलेशनचा (सिंक वर्डशी किती जुळतं याचा) फक्त आकडा बघताय. त्याचं चिन्हही जपून ठेवा. ऋण आलं तर पुढचे ५८४ सिम्बॉल उणे एकने गुणा. हे प्रत्येक सबफ्रेमला करा, कारण सायकल स्लिप झाली, म्हणजे लूपची फेजवरची पकड घसरली, की चिन्ह मध्येच पालटतं.

शेपटीत सहा शून्यंही नाहीत आणि सहा एकही नाहीत, असं असेल तर डीइंटरलीव्हर (पाठवताना मिसळलेला सिम्बॉलचा क्रम पूर्ववत करणारा भाग) संशयित. आलेले सिम्बॉल ७३-७३ च्या आठ ओळींत भरा आणि उभे, स्तंभाने वाचा. सिंकचे १६ सिम्बॉल यात घालू नका. पडताळणीसाठी निघालेले बिट पुन्हा एन्कोड करून ५८४ सिम्बॉलशी ताडून पाहा. आकाश मोकळं असेल तर मोजकेच चुकतील. साठ-सत्तर चुकत असतील तर क्रम बिघडलाय. निम्मे चुकतील अशी वाट बघू नका, कारण विटर्बी कचऱ्यातूनही जवळचा मार्ग शोधून देतो.