स्पार्क प्लग घेण्याआधी गाडीचं मॅन्युअल उघड

मित्रा, दुकानात ज्याला 'कॉपर प्लग' म्हणतात त्यात तांबं फक्त गाभ्यात असतं. ठिणगी पडते ती निकेलच्या टोकावर. ते साधारण 2.5 मिमी जाड, पण लवकर झिजतं. इरिडियमचं टोक जेमतेम 0.4 ते 0.6 मिमी, तरी बऱ्याचदा लाखभर किलोमीटर निघतात. प्लॅटिनम मधलं. अर्थात, इरिडियम घातलं की गाडी उडायला लागेल ही आशा सोड!

खरी गफलत हीट रेंजमध्ये, म्हणजे प्लग उष्णता किती लवकर बाहेर टाकतो त्याच्या आकड्यात होते. एनजीके कंपनीत आकडा मोठा म्हणजे प्लग थंड (उष्णता लवकर टाकणारा), बॉशमध्ये नेमकं उलटं. त्यामुळे कंपनी बदलताना नुसता आकडा जुळवू नकोस, मॅन्युअल बघ. आणि इंजिन गार झाल्याशिवाय पाना लावू नकोस. ॲल्युमिनियमच्या हेडचे आटे गेले की प्लगच्या कितीतरी पट खर्च.