डिफेंडर असून रोनाल्ड कूमनने एवढे गोल कसे केले? आणि कोच म्हणून तो तेवढा मोठा का झाला नाही?

"डिफेंडर असून" हे वाचलं की माझं डोकं फिरतं. तुमचा दोष नाही, आमच्या कोल्हापुरात पण सगळे हेच म्हणायचे.

मी स्टॉपर, म्हणजे बचावाच्या मधोमध उभा राहणारा डिफेंडर, खेळायचो. १९९६, शाहू स्टेडियम, सेमीफायनल, शून्य-शून्य, शेवटची दहा मिनिटं आणि डीच्या दोन पावलं बाहेर आम्हाला फ्री किक मिळाली. मी मागनं पळत आलो आणि बॉल हातात घेऊन सरळ खाली ठेवला. लाईनवरनं आमचे कोच, त्यांना सगळे दादाच म्हणायचे, ओरडायला लागले, "ए, तू मागं हो! मागं हो म्हणतोय ना!" मी ऐकलं नाही, कारण एका मित्राकडं १९९२ च्या लंडनमधल्या वेंब्लीच्या युरोपियन कप (आताची चॅम्पियन्स लीग) फायनलची कॅसेट होती आणि त्यातला डच डिफेंडर कूमनचा गोल आम्ही टेप खराब होईपर्यंत बघितला होता. कूमनची बार्सिलोना केशरी जर्सीत, समोर इटलीची सॅम्पडोरिया, एक्स्ट्रा टाईम, ११२ वं मिनिट. स्टोइचकोव्हनं हळूच बॉल सरकवला, बकेरोनं पायाखाली थांबवला आणि कूमननं असा काही हाणला की त्यांचा गोलकीपर पाग्लिउका झेप घेऊन पण काही करू शकला नाही. बार्सिलोनाचा पहिलावहिला युरोपियन कप, आणि तो दिला कुणी तर स्टॉपरनं.

माझा शॉट मात्र बारला लागला. परत आलेला बॉल त्यांच्या विंगरला मिळाला, मी तिकडं पुढंच अडकलेलो, मागं आमचा एकटा बॅक, आणि गोल. हरलो एक-शून्य. पुढची कित्येक वर्षं कट्ट्यावर माझं नाव कूमन, आणि ते कौतुकानं नव्हे.

तर प्रश्नाचं उत्तर. लीगच्या मॅचमध्येच त्याचे १९३ गोल आहेत, त्यातले बरेच पेनल्टी आणि फ्री किक, पण म्हणून काय फुकटचे झाले का? १९८८ च्या युरोमध्ये हॅम्बुर्गला जर्मनीविरुद्ध एक-शून्य मागं असताना पेनल्टी मारायला तोच उभा राहिला, आणि त्याच वर्षी पीएसव्ही या डच क्लबबरोबर युरोपियन कप पण जिंकला. १९९३-९४ ला चॅम्पियन्स लीगमध्ये सगळ्यात जास्त गोल करणाऱ्यांत पण तो होता, ८ गोल. पळायला हळूच होता, हे सगळ्यांना माहीत होतं. पण बार्सिलोनाचा तेव्हाचा कोच क्रायफ, त्याला मागनं बॉल घेऊन खेळणारा माणूस पाहिजे होता, नुसता उडवून लावणारा नाही, आणि कूमन चाळीस मीटरवरचा पास पायात नेऊन ठेवायचा. पुढं मिडफिल्डला ग्वार्दिओला, मागं कूमन, अटॅक तिथनंच सुरू व्हायचा. आमच्या दादांना मात्र स्टॉपर म्हणजे बॉल स्टेडियमबाहेर घालवणारा गडी.

कोच म्हणून फेल म्हणणाऱ्यांनी २००७ ची डच लीग बघावी. शेवटच्या दिवशी आयाक्स, पीएसव्ही, एझेड तिघांचे ७२ पॉइंट, एझेड गोल फरकानं वर. एझेड हरलं, कूमनच्या पीएसव्हीनं ५-१ नं जिंकलं आणि आयाक्सला फक्त एका गोलच्या फरकानं मागं टाकून टायटल घेतलं. त्याआधी आयाक्सचा कोच असताना त्यांनाच दोन टायटल दिलेली, २००२ आणि २००४ ला. आयाक्स, पीएसव्ही, फेयेनूर्ड तिन्हीकडं खेळलेला आणि तिन्हीकडं कोच झालेला दुसरा माणूस नाही. स्पेनच्या व्हॅलेन्सियात कप जिंकला आणि आठवड्याच्या आत त्याला काढलं, असं पण झालंय. बार्सिलोनात गेला तेव्हा क्लब कर्जात बुडालेला, वर्षभरात मेस्सी सोडून गेला, तरी पेद्री या पोराला रोज खेळवलं, गावी या दुसऱ्या पोराला पहिल्यांदा उतरवलं. हां, व्हॅलेन्सिया लीगमध्ये पार खाली गेली होती आणि इंग्लंडच्या एव्हर्टनमध्ये पण त्याचं जमलं नाही, ते मान्य. आणि बचावात तो काही इटलीचा भक्कम डिफेंडर बारेसी नव्हता, मागं कव्हर द्यायला कोणीतरी लागायचंच. पोरांना कोचिंग देत असाल तर स्टॉपरला फ्री किक मारू द्या, फक्त मागं दोघं तरी थांबवा. १९९६ ला ते कोणाचं काम होतं, खेळाडूचं की लाईनवर उभ्या असलेल्या माणसाचं, ते तुम्हीच ठरवा.

मागच्या वर्षी एका लग्नात दादा भेटले. ऐंशीच्या घरात आहेत आता. जेवणाच्या पंगतीतच मी मोबाईलवर वेंब्लीचा गोल लावून दिला. चष्मा वर करून दोनदा बघितला. म्हणाले, "बघ नीट. दोघांनी सरकवून, थांबवून दिलाय त्याला. भिंत हलली, मग मारलाय. तू काय केलंस, एकट्यानं येऊन सरळ हाणलास."

मग जिलेबी मागितली.