गिनीपिगच्या मूत्राशयात खडा: ऑपरेशन करावं की औषधावर थांबावं?

साडेतीन वर्षांची मादी, वजन 900 ग्रॅम, लघवीत रक्त, एक्स-रेत 6 मिमीचा खडा. राहायला सोलापुरात, आणि औषधाने विरघळेल का, हा तुमचा प्रश्न.

विरघळणार नाही. गिनीपिगचा खडा बहुतेक वेळा कॅल्शियम कार्बोनेटचा असतो आणि त्याला विरघळवणारं औषध नाही. कुणी पानफुटीचा रस द्यायला सांगितलं तर कृपा करून देऊ नका. तिच्यातले घटक लहान प्राण्यांच्या हृदयाला विषारी ठरतात.

आधी खडा नेमका कुठे आहे ते बघा. एक्स-रे दोन हवेत, एक कुशीवर आणि एक पाठीवर झोपवून, आणि दोन्हींत मागचा भाग पूर्ण आलेला हवा. तो कापला गेला तर मूत्रनळीत, म्हणजे मूत्राशयातून लघवी बाहेर येते त्या नळीत, अडकलेला खडा दिसतच नाही. मादीची मूत्रनळी आखूड असते. खडा तिच्या तोंडाशी आला असेल तर भूल देऊन चिमट्याने निघू शकतो, पोट उघडावं लागत नाही. 6 मिमीचा खडा मूत्राशयातच असेल तर तो आपोआप पडेल या आशेवर राहू नका, ऑपरेशनच करा. त्याआधी सोनोग्राफी मात्र हवीच. या वयात अंडाशयात सिस्ट, म्हणजे पाण्याच्या गाठी, सर्रास असतात आणि रक्त गर्भाशयातूनही येतं. दोन्ही किडन्यांतही खडे निघाले तर ऑपरेशनचा फायदा मर्यादित, हे डॉक्टरांशी स्पष्ट बोला.

ती खात असेल आणि लघवी होत असेल, तर डॉक्टरांनी वजनावर ठरवलेलं मेलॉक्सिकॅम हे वेदनाशामक देऊन योग्य सर्जन शोधायला थोडे दिवस मिळतात. कुंथूनही थेंब पडत नसेल तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

सर्जनना विचारा: गिनीपिगची ऑपरेशन्स केली आहेत का? आयसोफ्लुरेनची भूल आहे का? रात्रभर उपाशी ठेवायला सांगितलं तर सावध व्हा. या प्राण्याला उलटी होत नाही, आणि उपाशी राहिला तर आतडं थंडावतं. तोंडातून अमॉक्सिसिलिन हे अँटिबायोटिक तर अजिबात नको, आतड्यातले उपयुक्त जंतू मरून जनावर दगावतं. पुण्याला न्यायचं ठरलं तर उन्हाळ्यात पहाटे निघा, पिंजऱ्यात काकडी आणि सुकं गवत ठेवा. टाके घालण्याआधी एक्स-रे पुन्हा काढायला सांगा, एखादा बारीक खडा मागे राहतो.

नंतर सिरिंजने पातळ खाणं भरवा आणि रोज स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर वजन घ्या. 900 वरून 810 वर आलं तर लगेच दाखवा.

खडे पुन्हा होतात, ही या आजाराची खरी अडचण. आपल्याकडे गोठ्यातला लसूणघास सहज मिळतो म्हणून रोज घातला जातो, पण त्यात कॅल्शियम फार असतं. त्याऐवजी सुकवलेलं मारवेल गवत द्या. ज्वारीची कोवळी हिरवी ताटं नकोत, त्यांत सायनाइड तयार होतं. पालक, मेथी, कोथिंबीर कमी करा. पाने धुऊन ओलीच घाला, तेवढंच पाणी पोटात जातं. व्हिटॅमिन सी दर किलोला रोज 10 ते 30 मिग्रॅ पुरे, ढोबळी मिरचीच्या फोडीतून बरंचसं मिळतं. लघवी वाळल्यावर उरलेला पांढरा थर बोटांत चोळून पाहत जा: खडूच्या भुकटीसारखा मऊ लागला तर ठीक, वाळूसारखा खरखरला तर एक्स-रे काढा.