क्लॅटच्या मॉकला १२० पैकी ३५-४० च पडतात, मराठी मीडियममधून आलेल्या मुलीला ८० पर्यंत जाता येईल का?

तू लिहिलंयस ते एवढं: बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातलं गाव, दहावीपर्यंत मराठी शाळा, आता बेळगावात पीयूसी सेकंड इयर (म्हणजे बारावी) कॉमर्स, क्लॅटच्या, म्हणजे लॉ युनिव्हर्सिट्यांच्या प्रवेश परीक्षेच्या, मॉकला (सराव पेपरला) ३५-४० पडतात, परीक्षा डिसेंबरात, आणि ऐंशी पडतील का नाद सोडू. नाद सोडू नको. मी पण त्याच बाजूची, मराठी शाळेतलीच, माझे पण सुरवातीचे मॉक चाळिशीतच असायचे आणि फायनलला ऐंशी ओलांडले, आता एका एनएलयूत (नॅशनल लॉ युनिव्हर्सिटीत) शिकतेय. म्हणजे होतंय. पण तू जे विचारायला पाहिजे होतं ते विचारलंच नाहीस, म्हणजे ते चाळीस मार्क कसे आलेत ते.

कारण चाळीस दोन प्रकारे पडत्यात. एकीनं सगळे १२० सोडवले, ५६ बरोबर, ६४ चूक, चुकीला पाव मार्क जातो म्हणजे १६ गेले, राहिले ४०. दुसरीनं ६० च सोडवले कारण पुढं वेळच उरला नाही, त्यातले ४४ बरोबर, १६ चूक, ४ गेले, राहिले ४०. रिझल्टला दोघी सारख्याच दिसत्यात पण दोघींचं दुखणं एकदम वेगळं आहे. दुसरीनं काही नवीन न शिकता त्याच प्रमाणात बरोबर आणत ११० प्रश्न सोडवले तर ८१ च्या आसपास बरोबर येतील आणि मार्क होतील ७३-७४. तिला पुस्तक नको, क्लास नको, तिला फक्त वेग पाहिजे. पहिलीला मात्र वाचलेलं कळतच नाहीये, तिनं टायमर लावून आणखी मॉक दिले तर पालथ्या घड्यावर पाणी.

तू यातली कुठली ते कळायला एक काम कर. मॉक दिलास की लगेच उत्तरं बघू नको. दुसऱ्या दिवशी तोच पेपर कोरा घे, घड्याळ बाजूला ठेव आणि पाहिजे तेवढा वेळ घेऊन परत सोडव, मग दोन्ही एकदम तपास. अमेरिकेत लॉ स्कूलला जाण्यासाठी एलसॅट नावाची परीक्षा असते, तिथली पोरं याला ब्लाइंड रिव्ह्यू म्हणतात आणि माझ्या मते या सगळ्या परीक्षांसाठी याच्यापेक्षा चांगली युक्ती कुणी काढलेली नाही. वेळ लावून ४० आणि बिनावेळेचे ८० आले तर तुला सगळं येतंय, फक्त हात चालत नाही. बिनावेळेचे पण ५० च आले तर आधी समजायचं काम आहे, वेगाचं नाव आत्ता काढू नको. बहुतेक मराठी मीडियमवाल्यांचे बिनावेळेचे मार्क बऱ्यापैकी चांगले येत्यात आणि ते बघून जो धीर येतो ना, तो कुठल्या मोटिव्हेशनच्या व्हिडिओनं येत नाही.

आता वेगाचं. क्लॅट २०२४ पासून १२० मिनिटांत १२० प्रश्न, आणि सगळे उताऱ्यांवर. एक उतारा साधारण ४५० शब्दांचा, त्याखाली पाचेक प्रश्न, म्हणजे वाचून सोडवून सगळं मिळून पाच मिनिटं. मिनिटाला १५० शब्द वाचलेस तर तीन मिनिटं नुसती वाचण्यात गेली, पाच प्रश्नांना उरली दोन. तेच मिनिटाला २२५ वाचलेस तर दोन मिनिटांत उतारा संपतो आणि प्रश्नांना तीन मिनिटं मिळतात, म्हणजे दीडपट. जिथं जिथं माझे मार्क वाढले ते सगळे या एका मिनिटातून वाढलेत असं म्हटलं तरी चालंल. आणि आपण हळू वाचतो ते इंग्लिश येत नाही म्हणून नव्हे, आपण वाक्य मनात मराठीत करतो, मग पुढचं वाचतो, मग मागचं विसरलं म्हणून परत मागं जातो. ही मागं जायची सवय मोडली तरी निम्मं काम झालं. मी पट्टी ठेवून वाचायची, वाचलेली ओळ झाकत जायची, म्हणजे परत बघायची सोयच नाही. पहिल्यांदा डोक्याला मुंग्या येतात, होऊ दे.

काय वाचायचं यावर सगळे सांगतील हिंदू वाच, इंडियन एक्सप्रेस वाच. बरोबरच आहे, पण मराठी शाळेतल्या पोरीनं डायरेक्ट एडिटोरियल उघडलं की दोन पॅराग्राफनंतर झोप येते, हे कुणी सांगत नाही. माझी पद्धत उलटी होती. आधी तरुण भारत नाहीतर पुढारीत ती बातमी मराठीत वाचायची, काय भानगड आहे ते समजून घ्यायचं आणि मग त्याच विषयावरचं इंग्लिश एडिटोरियल घ्यायचं. विषय माहीत असला की इंग्लिश आपोआप पळतं, अडलेला शब्द पण संदर्भानं कळतो, डिक्शनरी लागत नाही. तू तर खानापूरची, म्हादईवरचा, म्हणजे कर्नाटक-गोव्याच्या त्या नदीच्या पाण्याच्या भांडणावरचा, लेख मिळाला की सोडू नको. लवाद २०१० ला नेमला, ऑगस्ट २०१८ ला निकाल आला, कर्नाटकाला एकूण १३.४२ टीएमसी, कळसा-भांडुरा या तिच्या ओढ्यांचं पाणी मलप्रभेत न्यायचं का नाही हे भांडण, हे तुला चंदीगडच्या पोरापेक्षा कितीतरी आधी कळंल. (मराठी पेपर सकाळी बेळगावच्या बसमध्ये होऊन जातो, इंग्लिश तिथं काढू नको, त्या गर्दीत आपलंच नाव कळत नाही.)

पण हेच घरचं ज्ञान लीगल रिझनिंगला, म्हणजे पेपरातल्या कायद्याच्या उताऱ्यांना, गळ्याशी येतंय. मी आता गावाकडच्या दोन-चार पोरांना बघते, म्हणजे फोनवरच, त्यांना मुद्दाम असा एक उतारा देते: घटनेच्या कलम १३१ नं दोन राज्यांमधला वाद थेट सुप्रीम कोर्टात नेता येतो, मात्र नदीच्या पाण्याच्या वादासाठी कलम २६२ वेगळं आहे, त्याखाली संसद कायदा करून कोर्टांचा अधिकार काढून घेऊ शकते, १९५६ च्या आंतरराज्य नदी जलविवाद कायद्यानं तसं केलंय आणि असे वाद लवादाकडं जातात. खाली प्रश्न: क राज्यानं धरण बांधून पाणी वळवलं, ग राज्यानं पाण्याच्या वाटपासाठी थेट सुप्रीम कोर्टात कलम १३१ खाली दावा लावला, चालेल का?

आपल्याकडची पोरं पटकन म्हणतात चालेल. का, तर महाराष्ट्रानं सीमाप्रश्नाचा दावा २००४ ला सुप्रीम कोर्टातच लावलाय, हे आपण घरात, गल्लीत, १ नोव्हेंबरच्या काळ्या दिनाला ऐकून ऐकून पाठ केलेलं असतं, वर म्हादईचं नाव पण सुप्रीम कोर्टाच्या बातमीत येतच असतं की. पण सीमेचा वाद हा पाण्याचा वाद नव्हे, आणि म्हादईत राज्यं सुप्रीम कोर्टात भांडतायत ती मुख्यतः लवादाच्या निकालाविरुद्ध. उताऱ्यात स्पष्ट लिहिलंय की पाण्याचा वाद थेट जात नाही, उत्तर नाही असंच. ज्या पोरीनं सीमाप्रश्न कधी ऐकलेलाच नाही तिचं हे बरोबर येतंय आणि आपलं चुकतंय, बघ गंमत. म्हणून लीगलला उतारा म्हणेल तेच खरं, तुझं मत, तुझ्या काकांचं मत, चौकातल्या भाषणातलं मत सगळं बाहेर ठेवायचं. आणि उताऱ्यात मात्र, परंतु, अशा अटीवर, याला अपवाद असं म्हणणारे जे इंग्लिश शब्द येतात, अनलेस, एक्सेप्ट, प्रोव्हायडेड दॅट, तिथं पेन्सिलनं गोल करत जा. दहात सात-आठ वेळा प्रश्न त्या गोलाभोवतीच फिरतो, हा माझा अंदाज.

करंट अफेअर्सला मात्र उलटं, तिथं उताऱ्यात नसलेलंच विचारतात. २८ ते ३२ प्रश्न असतात, म्हणजे पेपरचा चौथा हिस्सा, आणि सगळ्यात कमी वेळ खाणारा, येतंय तर दहा सेकंदात, नाही तर नाही. त्यामुळं मी पेपर इथूनच सुरू करायची, इथं वाचवलेली मिनिटं पुढं लीगलला लागतात. महिन्याचे पीडीएफ गोळा करत बसू नको, मोबाईल भरतो डोकं नाही. एका विषयाची एक पानाची नोंद, मागं काय झालं, कायदा कुठला, कोण कोण पार्टी, बस.

गणिताचे १०-१४ च प्रश्न आणि सगळं दहावीचं, टक्केवारी, गुणोत्तर, सरासरी, नफा-तोटा. मराठी शाळेत पाढे पाठ केलेत ना, मग इथं इंग्लिश मीडियमवाल्यांपेक्षा तूच पुढं, उगच हा भाग सोडून देऊ नको, पुष्कळ जण घाबरून सोडतात. लॉजिकलला मी एलसॅटचे जुने प्रश्न सोडवले, युक्तिवाद कुठं लंगडा आहे ते शोधायचे, थोडे कठीण असतात पण त्यानंतर क्लॅटचे सोपे वाटतात.

निगेटिव्ह मार्किंगची भीती लोकांनी फारच घालून ठेवलीय. हिशोब करून बघ. चार प्रश्न डोळे झाकून मारले, नशिबानं एक बरोबर आला, अधिक १, तीन चुकले, उणे पाऊण, तरी पाव मार्क हातात. म्हणजे सरासरीनं नुकसान नाहीच. चारातले दोन ऑप्शन नक्की चूक म्हणून काढता आले तर मग मारायचाच, सोडणं हाच तोटा. खरं नुकसान कुठं होतंय, तर उरलेल्या दोन ऑप्शनांकडं टक लावून बसण्यात दोन मिनिटं जातात तिथं. पाव मार्क वाचवायला बसायचं आणि पुढचे दोन प्रश्न वाचायचेच राहून जायचे. अडलं की ठोकायचं आणि पुढं. तसंही क्लॅट २०२५ च्या अँसर कीचं भांडण दिल्ली हायकोर्टातून पार सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं होतं, म्हणजे पेपर काढणाऱ्यांचं पण चुकतंय, एका प्रश्नाशी जीव लावू नये. एक मात्र, परीक्षा ओएमआरवर असते, पेननं गोल भरला की खोडता येत नाही, सगळे गोल शेवटी भरू म्हणून ठेवू नको, उतारा संपला की त्याचे भरून टाक. घरी मॉक पण मोबाईलवर देऊ नको, प्रिंट काढून ओएमआर शीटवर दे, झेरॉक्सवाल्याकडं दोन-चार रुपयाला पान मिळतंय. क्लॅट घेणाऱ्या लॉ युनिव्हर्सिट्यांच्या कन्सॉर्शियमच्या वेबसाईटवर सॅम्पल पेपर आणि जुने पेपर फुकट असतात, २०२० च्या आधीचे घेऊ नको, तेव्हा पॅटर्नच वेगळा होता.

मार्क कसे वाढतील ते पण सांगते म्हणजे मधेच रडायला बसणार नाहीस. चाळीस ते साठ लवकर होतंय. साठच्या पुढं कितीतरी दिवस काटा हलतच नाही, एखादा मॉक ५२ वर पण येतो, घरचे विचारतात काय झालं गं. तेव्हा मॉक वाढवू नको, कमी कर. आठवड्याला एकच दे पण चुकलेल्या प्रत्येक प्रश्नासमोर वहीत कारण लिही, उतारा कळला नाही, का दोनात अडकले, का वेळच नव्हता, का माहितीच नव्हती. तीन-चार मॉकनंतर एकच कारण सारखं दिसायला लागतं आणि मग काय करायचं ते कुणाला विचारावं लागत नाही.

आणि ८० हा आकडा डोक्यात फिट करू नको, पेपर कठीण असला की सगळ्यांचेच पडतात, ॲडमिशन रँकवर होतंय. त्यात तुझ्या फायद्याची गोष्ट म्हणजे बेंगळुरूच्या नॅशनल लॉ स्कूलला २५ टक्के जागा कर्नाटक स्टुडंट्ससाठी असतात. घरी कुठली भाषा बोलता हे तिथं कुणी बघत नाही, शिक्षणाची १० वर्षं कर्नाटकात झालीत का ते बघतात, तू त्यात बसतेस. चंदगड, गडहिंग्लज, कोल्हापूरला शिकायला गेलेल्या सीमेवरच्या पोरांनी मात्र वर्षं मोजून बघावीत. महाराष्ट्राची लॉ सीईटी पण देऊन ठेव, तिला निगेटिव्ह नसतं, सीमाभागातल्यांना कुठल्या गटात धरतात ते त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेत बघ. आणि काहीच नाही जमलं तर बेळगावात आरएल लॉ कॉलेज आहेच की, १९३९ पासूनचं, तिथून शिकून चांगली वकिली करणारे किती आहेत ते कोर्टात एक चक्कर मारलीस की कळंल.

क्लॅट २०२६ चा फॉर्म जनरलला ४००० रुपयांचा होता, घरी आधीच सांगून ठेव. आणि त्या १० वर्षांच्या पुराव्यासाठी गावच्या शाळेतून स्टडी सर्टिफिकेट आत्ताच काढून घे, पहिली ते सातवी एक शाळा, पुढची वेगळी असली तर दोन्हीकडचं, बीईओ (गटशिक्षणाधिकारी) ऑफिसची सही लागली तर त्याला आणखी हेलपाटे होतात आणि नोव्हेंबरात तुला त्यासाठी वेळ नसणार.