बनावट पत्रे आणि रिचर्ड बेंटली

प्रश्न : रिचर्ड बेंटली हे इंग्लंडमधील धर्मगुरू असूनही ग्रीक विद्येच्या इतिहासात त्यांचे नाव आदराने का घेतले जाते? फॅलारिसची पत्रे त्यांनी बनावट ठरवली, ती कशाच्या आधारे?

उत्तर : बेंटली यांचा जन्म १६६२ मध्ये यॉर्कशायरमध्ये झाला आणि १६९० मध्ये त्यांनी धर्मदीक्षा घेतली. त्या काळी केंब्रिजच्या बहुतेक अध्यापकांना धर्मदीक्षा घ्यावीच लागे. त्यामुळे व्यासपीठावर प्रवचन देणारा आणि ग्रीक पोथी तपासणारा माणूस एकच असण्यात कोणाला नवल वाटत नसे.

फॅलारिस हा इसवी सनापूर्वी सहाव्या शतकात सिसिलीतील आक्रागास नगरीचा जुलमी सत्ताधीश होता. त्याच्या नावावरील पत्रांची इंग्लिश मुत्सद्दी व लेखक सर विल्यम टेंपल यांनी मुक्तकंठाने स्तुती केली होती आणि १६९५ मध्ये ऑक्सफर्डहून त्या पत्रांची नवी आवृत्तीही निघाली. बेंटली यांनी १६९७ मध्ये, आणि अधिक विस्ताराने १६९९ मध्ये, त्या पत्रांचीच साक्ष काढली. एका पत्रात फॅलारिस फिंटिया नगराच्या रहिवाशांकडून पैसे उसने घेतो. पण ते नगर वसले तेच त्याच्या मृत्यूनंतर अडीचशेहून अधिक वर्षांनी. दुसऱ्या पत्रात ज्या प्रकारच्या पेल्यांची भेट आहे, ते पेले ज्या कुंभाराच्या नावाने ओळखले जात, तो कुंभारही त्याच्यानंतर शतकाहून अधिक काळाने होऊन गेला. शिवाय सिसिलीच्या त्या भागात ग्रीक भाषेची डोरिक ही बोली चालत असताना ही पत्रे अथेन्सच्या बोलीत होती. भाषा, भूगोल, नाणी आणि कालगणना यांची अशी एकत्र उलटतपासणी हीच माझ्या मते त्यांची खरी थोरवी होय.

होमरच्या काव्यात काही ठिकाणी वृत्त अडखळते, याचे कारण पुढे लुप्त झालेला एक व्यंजनध्वनी आहे, हेही त्यांनीच ओळखले. मात्र मूळ पाठात बिघाड शोधण्याची हीच पद्धत त्यांनी इंग्लिश कवी मिल्टनच्या ‘पॅरडाइज लॉस्ट’ या महाकाव्यावर चालवली, तेव्हा कोणा संपादकाने त्यात फेरफार केले असे गृहीत धरून १७३२ च्या आवृत्तीत चांगल्या ओळींवरही शंका घेतली. तेथे ते साफ चुकले.

१७०० पासून १७४२ मध्ये मृत्यू येईपर्यंत ते केंब्रिजमधील ट्रिनिटी कॉलेजचे प्रमुख होते. अध्यापकांशी त्यांचे दावे वर्षानुवर्षे चालले आणि १७३४ मध्ये त्यांना पदच्युत करण्याचा निकालही लागला; परंतु तो अमलात आणण्यास उपप्रमुखांनी नकार दिला.