ओडेन्सला नातवंडांना नेऊ का?

प्रश्न : ताई, लेक-जावई कोपनहेगनला असतात, मी येत्या मे महिन्यात त्यांच्याकडे चाललेय. नातू ९ वर्षांचा, नात ६ची. लेक म्हणते, हान्स ख्रिश्चन अँडरसनचं गाव आहे ओडेन्स, तिथलं म्युझियम तुम्ही तिघं एक दिवस बघून या. पण म्युझियममध्ये पोरं कंटाळतात, आणि त्याच्या मूळ गोष्टी फार रडवणाऱ्या आहेत म्हणे, नातीला जलपरी फक्त कार्टूनमधली माहितेय. नेऊ का?
– नाशिकची एक आजी

उत्तर : काकू, न्याच. सकाळची ट्रेन पकडा, सव्वा-दीड तास लागतो, आणि वाटेत ट्रेन आधी समुद्राखालच्या बोगद्यात शिरते नि मग बाहेर येऊन लांबच लांब पुलावरून जाते, तेव्हा मुलांना झोपू देऊ नका.

कोपनहेगनला येणारे बहुतेक लोक बंदरावरच्या दगडावर बसलेल्या जलपरीशेजारी फोटो काढतात आणि झाला अँडरसन बघून! पण हा माणूस कळतो तो ओडेन्सलाच. १८०५चा जन्म, वडील बूट शिवायचे, आई नदीच्या गार पाण्यात उभी राहून लोकांचे कपडे धुवायची. ११ वर्षांचा असताना वडील गेले आणि १४व्या वर्षी पोरगा एकटा कोपनहेगनला निघाला. त्याचं लहानपणीचं घर अजून आहे, एवढंसं, मुलांना ते नक्की दाखवा.

आता कंटाळ्याचं. नवीन म्युझियम २०२१ला उघडलं, केंगो कुमा या जपानी आर्किटेक्टने केलंय, बराचसा भाग जमिनीखाली आणि वर वळणावळणाच्या हिरव्या कुंपणांची बाग. आत नुसती काचेची कपाटं नाहीत, कानाला हेडसेट लावून फिरायचं, जिथे जाल तिथली गोष्ट ऐकू येते. इंग्रजी आहे, पण नातीसाठी तुम्ही एक कान मोकळा ठेवा आणि मराठीत सांगत चला, मी तसंच केलं होतं आणि आमच्या धाकट्याला तेच जास्त आवडलं. शिवाय मुलांसाठी विले वाऊ नावाचा वेगळा विभाग आहे, तिथे गोष्टींमधले कपडे घालून खेळता येतं, त्याला भरपूर वेळ ठेवा. तिकिटं मात्र आधी ऑनलाइन काढा.

राहिलं रडण्याचं. हो, मूळ गोष्टीत जलपरीचं राजपुत्राशी लग्न होत नाही, आणि काड्या विकणारी मुलगी थंडीत मरते. मला मनापासून वाटतं की सहा वर्षांच्या मुलीला हे सांगावं, फक्त तिथे पहिल्यांदा कळायला नको, घरी तुमच्या कुशीत कळू दे. रोज रात्री एक गोष्ट सांगा. सुरुवात कुरूप बदकाच्या पिल्लापासून करा, गदिमांच्या गाण्यामुळे ते आपल्या घरातलंच आहे, आणि ही गोष्ट १८४३ची, मुळात याच अँडरसनची, हे ऐकून नातवाचे डोळे कसे होतात बघा.

एक प्रसंग मुलांना जरूर सांगा, त्याने स्वतःच लिहून ठेवलाय. चर्चमध्ये कन्फर्मेशन म्हणजे साधारण आपल्या मुंजीसारखा मान, त्यासाठी वारलेल्या वडिलांचा कोट कापून त्याच्या मापाचा केला होता आणि आयुष्यात पहिल्यांदा बूट मिळाले होते. चालताना ते करकर वाजायचे आणि हा खूश, की सगळ्यांना कळतंय बूट नवे आहेत! मग लगेच अपराधीही वाटलं, की देवाकडे लक्ष नाही, सगळं लक्ष बुटांकडे. लाल बुटांची गोष्ट त्याने पुढे लिहिली ती याच आठवणीतून. हे चर्च, संत क्नूडचं, अजून गावात उभं आहे. तिथल्या फरशीवर मुलांना हळू चालायला सांगा आणि बुटांचा आवाज ऐकायला सांगा.

आणि कागद! गोष्ट सांगता सांगता हा माणूस मोठ्या कात्रीने घडीचा कागद कापत बसायचा, गोष्ट संपली की घडी उलगडायची, आत नाचणाऱ्या बायका, राजहंस, राजवाडे. ती कातरकामं बघताना मी बराच वेळ हललेच नाही, एवढी नाजूक. घरी आल्यावर मुलांना रंगीत कागद द्या.

स्टेशनकडे परत जाताना रस्ता ओलांडायच्या सिग्नलकडे बघा, साध्या माणसाच्या जागी उंच टोपी घातलेला अँडरसन आहे, हिरव्यात चालणारा. आमच्या पोराने तो परत बघायचा म्हणून तीन सिग्नल सोडले आणि आमची ट्रेन चुकली, तेव्हा थोडं आधीच निघा.